शेवटच्या पानावरची पंगत

माझी बायको वीणा मार्चमध्ये गेली. सोमवार होता. दुपारी माणसं आली, संध्याकाळी परतली. टेबलावर तिच्या पुस्तकाची मुद्रितं होती.

जुलैच्या शेवटी मी पुण्याहून गोंदियाच्या गाडीत बसलो. वीणा देशोदेशीच्या विषमतेचा अभ्यास करायची, आणि त्यासाठी लोकांच्या जेवणाकडे बघायची. कोण कुठे बसतं, कोणाचा कप वेगळा असतो. ब्राझीलमध्ये तिने मोलकरणींच्या खोल्या पाहिल्या, दक्षिण आफ्रिकेत मळ्यांवरच्या न्याहाऱ्या. नॉर्वेत मालक आणि सुतार एका टेबलावर जेवले, पण जेवण संपेपर्यंत दोघं एक शब्द बोलले नाहीत. याला समता म्हणायचं की थंडी, हे तिला ठरवता आलं नाही. या साऱ्या प्रवासांत बॅगा मी उचलल्या. "विषमतेचं एक उदाहरण मी घरूनच आणते," असं ती यजमानांना सांगायची.

पुस्तकाचं शेवटचं पान गोंदिया जिल्ह्यातलं होतं. शेताच्या बांधावर दोन बायका मांडीला मांडी लावून जेवताहेत असा फोटो, आणि खाली वीणाची ओळ: 'इथे पंगत एकच आहे.' एक बाई शेताची मालकीण, दुसरी तिच्याकडे मजुरीला येणारी. प्रकाशकाला दोघींची संमती हवी होती. ती मिळाली नाही तर पान गाळलं जाणार होतं. तिने लिहिलेलं शेवटचं पान तेच होतं.

स्टेशनाबाहेर मी रिक्षावाल्याला बसस्टँडबद्दल विचारलं. तो म्हणाला, "भैया, हिंदी में बोलो. मराठी गांव में जा के बोलना." गावात पोचल्यावर कळलं, माझी मराठी तिथेही फारशी चालणार नव्हती.

चोरखमाऱ्याच्या तलावाचं पाणी कालव्याने आलं होतं. बांध्यांमध्ये (भाताच्या खाचरांमध्ये) रोवणा म्हणजे भातलावणी चालू होती. मालकीण यशोदाबाई पोवार समाजातल्या. पूर्वज माळव्यातून आले ही गोष्ट त्या परवाच घडल्यासारखी सांगतात. त्याही चिखलात उभ्या होत्या, शेजारी फोटोतल्या दुसऱ्या, सुकवंताबाई. दोघींकडे जाताना माझा एक पाय गुडघ्यापर्यंत बांधीत गेला.

"मॅडम तर कधी पडल्या नाई," सुकवंताबाई म्हणाल्या.

"मॅडम पाहून चालत. सरजी पुस्तक वाचत येऊन राहिले," यशोदाबाई म्हणाल्या.

मी वीणाचं सांगितलं. हात थांबले. "आमाले कोनी सांगतलंच नाई जी," सुकवंताबाई म्हणाल्या. हातातली रोपं त्यांनी शेवटपर्यंत लावली आणि मग वर आल्या.

दुपारी बांधावर पंगत बसली. भात, लाखोरीच्या डाळीचं वरण, आणि भाजीपेक्षा सांभार (कोथिंबीर) जास्त असलेली भाजी. मी फोटो दाखवला, ओळ वाचली.

"छापा जी," यशोदाबाई खूश झाल्या. "आमी भेदभाव पाळतच नाई."

सुकवंताबाई जेवत होत्या. "बांधीवर नाई पाळत. घरी पाळता."

"काऊन, घरी तुले उपाशी ठेवतो का?"

"जेवाले देता. पन माझं ताट वेगळं. मलेच धुवा लागते, अन् बाहेरच्या कोनाड्यात ठेवा लागते."

"ते सासूबाईच्या वेळचं आहे."

"सासूबाई तर गेल्या. ताट कुठं गेलं?"

बाकीच्या बायका खाली मान घालून हसल्या. यशोदाबाईंनाही हसू आलं. त्यांनी सुकवंताबाईंच्या भातावर आणखी वरण ओतलं. "एवढी वर्षं तोंड शिवलं होतं का?"

"कोनी इचारलं नाई." मग त्या माझ्याकडे वळल्या. "फोटो छापा. मी चांगली दिसून राहिली त्याच्यात. पन खाली लिहा, ही पंगत रोवण्यापुरती आहे."

"तसं लिहासाठी माझी हो नाई," यशोदाबाई म्हणाल्या.

"मंग काढून टाका पान. मी कायले खोटं छापू देऊ?"

मी फोटो पिशवीत ठेवला. दोघी पुन्हा शेजारी उभ्या राहून रोपं लावू लागल्या.

रोवण्याच्या दिवसांत सगळ्यांनाच मजूर हवे असतात, म्हणून मालकिणीला रोज सकाळी मजुरांच्या दारी बोलवायला जावं लागतं. दुसऱ्या दिवशी यशोदाबाईंबरोबर मीही निघालो. सुकवंताबाई वेणी घालत होत्या. एरवी त्या दारातच तयार असतात म्हणे. आज वेणी संपेना.

"येऊन राहिली का?" यशोदाबाईंनी विचारलं.

"पाहतो. शेजारच्याईनं बी बोलावलं आहे."

यशोदाबाई कालव्याकडे बघत राहिल्या. "लिहा जी, ती सांगते ते. पन सासूबाईचं नाव नोको."

"चहा घ्या मंग," सुकवंताबाई म्हणाल्या.

यशोदाबाईंनी कप बराच वेळ नुसता धरून ठेवला. मग प्यायल्या, आणि साखर कमी असल्याचं सांगितलं.

निघताना मी ताटाचं विचारलं. "पाहू," यशोदाबाई म्हणाल्या. "आधी पुस्तक तर येऊ द्या."

वीणाला आपल्या वाक्यांत कोणी हात घातलेला खपत नसे. मला स्वल्पविरामाचीही परवानगी नव्हती. तिची ओळ मी तशीच ठेवली आणि खाली सुकवंताबाईंची छापायला दिली. दोन्ही एकत्र वाचल्या की पान जरा भांडखोर वाटतं. तिला बहुधा आवडलं असतं, पण आधी ती रागावली असती.

पुस्तक आलं आहे. दोन प्रती गावाला पाठवल्या. ताटाबद्दल काही कळलेलं नाही. इथे जेवायला मी एकटाच असतो. जेवून झालं की ताट धुतो आणि पालथं घालतो.