विहिरीतल्या बाईचा आवाज

पाथर्डीच्या पूर्वेला, जिथून पुढं बीड जिल्हा लागतो, त्या भागात रंगुबाईला तिच्या रडण्यावरून ओळखायचे. कुणाकडं मयत झालं की तिला निरोप जायचा. ती यायची, प्रेताच्या उशाशी बसायची, पदर तोंडावर घ्यायची आणि हेल काढायची. गेलेला माणूस कसा होता ते ती रडता रडता सांगायची. म्हातारा तंबाखू मळताना स्वतःशीच कसा हसायचा, सुनेच्या बाळंतपणात डिंक मिळेना तर कुठवर चालत गेला, सगळं. ज्यांचे डोळे कोरडे असायचे त्यांनाही मग रडू फुटायचं. त्या घरचा चहासुद्धा ती घ्यायची नाही.

हे रडणं तिला पहिल्यापासून येत नव्हतं. लेक गेल्यावर आलं.

तेव्हा रंगुबाई आणि तिचा नवरा बजरंग ऊसतोडीला जायचे. त्या हंगामात टोळी पुणतांब्याकडं, गोदाकाठच्या फडात होती. लेक सविता बारा वर्षांची आणि मुलगा कानिफनाथ तिच्याहून लहान. गावाकडं सांभाळायला कुणी नाही म्हणून दोन्ही पोरं बरोबरच असायची. सविता ट्रॉलीच्या मागं बैलांसाठी वाढं, उसाचे हिरवे शेंडे, गोळा करत होती आणि ड्रायव्हर गहिनीनाथनं ट्रॅक्टर मागं घेतला. रंगुबाई फडाच्या पार पलीकडच्या टोकाला मोळ्या बांधत होती. ती धावत आली तोवर बजरंगनं पोरीला मुकादमाच्या जीपमध्ये घालून दवाखान्याकडं नेलंही होतं. जीप गहिनीनाथ चालवत होता, आणि मागच्या बाकावर कानिफ होता. जीप दिवस मावळता परत आली. सविता चादरीत गुंडाळलेली होती.

"जागच्या जागी गेली," बजरंग म्हणाला. "तिला कळलंबी न्हाई."

एवढ्या एका वाक्याला रंगुबाई धरून राहिली. पुढं बजरंगही वारला. तिनं कोयता ठेवला, शेळ्या केल्या, मुलाला शिकवलं. सविताचा विषय निघाला की ती हळूच म्हणायची, "तिला कळलंबी न्हाई." स्वतःच्या घरात ती परत कधी रडली नाही. रडायची ती दुसऱ्यांच्या दारात.

कानिफ आवाजाच्या धंद्यात गेला. आधी लग्नातल्या डीजेबरोबर हिंडला, मग पुण्याला जाऊन कोर्स केला, आणि नागापूर एमआयडीसीत एका बंद पडलेल्या वर्कशॉपच्या माडीवर असलेल्या स्टुडिओत लागला. मोनिका नावाच्या बाईचा स्टुडिओ होता. परदेशी व्हिडिओ गेमसाठी लागणारे बारीकसारीक आवाज तिथं तयार व्हायचे. कोबीचा गड्डा पिरगाळून मोडणाऱ्या हाडाचा आवाज करायचा, ओलं चामडं फरशीवर आपटून पडणाऱ्या देहाचा. कानिफचा यात हात बसला होता. पण एक आवाज त्याला आजवर जमला नव्हता. त्या संध्याकाळी जीपपाशी आईच्या तोंडून जे निघालं होतं, ते त्याच्या कानात बसलं होतं. काहीही रेकॉर्ड केलं की तो मनात ते त्याच्याशी ताडून बघायचा.

मग स्टुडिओकडं एक मोठं काम आलं. तीसेक वर्षांपूर्वी जपानमध्ये निघालेला एक गेम होता. त्यात कंदील घेतलेलं एक गोल गुबगुबीत पोरगं जंगलातून निघायचं. वाटेत एक पडकी विहीर लागायची आणि विहिरीत एक भुताची बाई. तिचं मूल हरवलेलं असायचं. ती पिपाणीसारखी कुंई कुंई रडायची. पोरानं तिला भाताचा गोळा दिला की ती डोळे पुसून वाट सोडायची. जगभरातली पोरं त्यावर वाढली. मागाहून निघालेले भाग मात्र अमेरिकेत, युरोपात पडले. आता एका अमेरिकन कंपनीनं तो हक्कासकट विकत घेतला होता आणि तिकडच्या लोकांना रुचेल असा मुळापासून नव्यानं बांधायला काढला होता. गुबगुबीत पोरगं गेलं. त्याच्या जागी लांब कोटातला, गालावर जखमेचा व्रण असलेला गडी आला. भाताचा गोळाही गेला. तिकडच्या गिऱ्हाइकाला भात देऊन वाट मिळवण्यात गोडी वाटत नाही, असं कंपनीला चौकशीत कळलं होतं. आता त्या बाईला मारावं लागणार होतं. एका घावात ती मरायची नाही. जितके घाव, तितकी जास्त रडायची.

त्या रडण्यासाठी कंपनीनं बऱ्याच देशांतल्या नट्या ऐकून पाहिल्या होत्या. रडणं जपानी वाटायला नको, सिनेमातलं वाटायला नको, गोऱ्या माणसानं आजवर ऐकलेलंच नको.

"माझी आई आहे," कानिफ म्हणाला.

एमआयडीसीला सुट्टी होती त्या दिवशी तो रंगुबाईला घेऊन आला, कारण शेजारची प्रेस मशीन सुरू असली की भिंती थरथरायच्या. रंगुबाई नवं लुगडं नेसून आली होती. मुलाचं ऑफिस ती पहिल्यांदाच बघत होती. भिंतींना लावलेला काळा स्पंज तिनं बोटानं दाबून पाहिला. तिला काचेच्या खोलीत बसवलं, समोर माईक ठेवला. काचेपलीकडं मोनिका मॅडम, कानिफ, आणि स्क्रीनवर कंपनीचा दाढीवाला दिग्दर्शक.

"मयत कोनाचं हाय?" रंगुबाईनं विचारलं.

"कुणाचं नाही, मावशी," मोनिका म्हणाली. "गोष्टीतली बाई आहे. तिचं लेकरू हरवलंय."

"लेकराचं नाव काय?"

मोनिकानं स्क्रीनकडं पाहून विचारलं. दिग्दर्शक हसला. नाव ठेवलेलंच नव्हतं.

"बिननावाचं कसं आळवायचं?" रंगुबाई म्हणाली. पण पोराचं काम होतं. तिनं पदर ओढला आणि सूर धरला. बिननावाच्या लेकराला ती 'माझ्या राजसा' म्हणाली. तू भुकेला गेलास रं, तुझं अंथरूण अजून ऊन हाय रं, असं म्हणाली. मोनिकाच्या डोळ्यांत पाणी आलं.

दिग्दर्शकानं मान हलवली. फार सुंदर आहे, तो म्हणाला, पण हे गाणं झालं. आमच्या लोकांना भीती वाटायला हवी. शब्द नकोत, सूर नको.

"मावशी, सूर लागू देऊ नका," मोनिकानं सांगितलं.

"सुराबिगर कोनी रडतं व्हय?"

तरी तिनं प्रयत्न केला. ओरडली, कण्हली, घसा बसला, पाणी प्यायली, पुन्हा ओरडली. प्रत्येक वेळी कुठंतरी सूर सापडायचाच. दिग्दर्शकानं घड्याळ पाहिलं. पोलंडची एक नटी अजून यादीत आहे, तो म्हणाला.

कानिफ उठला. खोलीत जाण्याआधी त्यानं बूट काढून ठेवले. आत जाऊन दार लावलं आणि आईसमोर उकिडवा बसला.

"आये, तुला एक सांगायचं राह्यलंय."

"काय रं? माझं जमंना का?"

"ताई जागच्या जागी गेली न्हवती."

रंगुबाईनं तोंडावरचा पदर मागं घेतला.

"जीपमधी जित्ती हुती ती. माझ्या मांडीवर डोकं हुतं. आयेला बोलवा म्हनत हुती. आये येईस्तोवर गाडी थांबवा म्हनत हुती. आबानं थांबवू दिली न्हाई. लई येळ बोलवत हुती तुला."

मग जे निघालं त्यात ना शब्द होता ना सूर. मोनिकानं कानावरचे हेडफोन उपटून काढले. रंगुबाई खुर्चीवरून खाली आली, कपाळ फरशीला टेकलं, आणि तिथूनच तो आवाज येत राहिला. कानिफ पावलं न वाजवता मागं सरकला आणि माईकची मान तेवढी खाली वळवली.

आवाज थांबला तेव्हा दिग्दर्शक खुर्चीवर ताठ बसला होता. हेच, तो म्हणाला. हेच पाहिजे होतं. मग थोड्या वेळानं विचारलं, हाताशी असावा म्हणून असाच अजून एक मिळेल का?

मोनिकानं ते मराठीत सांगितलं नाही. कानिफला इंग्रजी येत होतंच. त्यानं काचेतून आत पाहिलं. आई तशीच पडलेली होती आणि धापा टाकत होती. "तिचे श्वास रेकॉर्ड करतोय आपण," तो म्हणाला, "तेही लागतील." आणि मशीन सुरूच ठेवलं.

गावाकडं परतताना करंजी घाट लागला. वर आल्यावर कानिफनं गाडी थांबवली, चहा आणला. तिनं कप हातात घेतला नाही.

"खरं हाय का रं ते?"

"न्हाई गं. खोटं हुतं. तसं बोलल्याबिगर तुला येईना, म्हनून बोललो."

"शपथ घे."

"तुझी शपथ."

"माझी नको. ताईची घे."

कानिफनं दोन्ही कप खिडकीतून बाहेर ओतले आणि गाडी सुरू केली. "आये, कामाचं हुतं ते," तो म्हणाला. "त्यात एवढं धरून बसू नको."

गेम निघाला आणि तुफान चालला. अमेरिकेतले लोक लिहीत होते की विहिरीची बाई आली की आम्ही दिवे लावून खेळतो. कुणी सांगत होतं, मी तिला मुद्दाम हळूहळू मारतो, म्हणजे पूर्ण ऐकायला मिळतं. जुने खेळाडू भाताच्या गोळ्याची आठवण काढून हळहळले, पण त्यांना कोण विचारतो. कानिफचं नाव झालं. आवाजाबद्दल एक बक्षीस मिळालं आणि कंपनीनं त्याला कॅनडातल्या ऑफिसात बोलावून घेतलं. निघताना तो आईला नवा मोबाईल देऊन गेला.

आवाज गावात यायला वेळ लागला नाही. कुणीतरी तो तुकडा कापून त्यावर विनोदी व्हिडिओ केले. मांजराचं शेपूट दारात सापडतं, नवऱ्याला बायकोचा फोन येतो, आणि मागं रंगुबाई. पारावरच्या पोरांच्या फोनची ती रिंगटोन झाली. आधी रंगुबाईला तो आपलाच आवाज म्हणून ओळखू आला नाही. एकदा दुकानापाशी साखर घेताना मागं कुणाचा तरी फोन वाजला आणि तिच्या हातातली पुडी सुटली. पोरं हसली. फोन कुणाचा होता ते तिनं वळून पाहिलं नाही.

त्याच उन्हाळ्यात तिची जाऊ बनुबाई वारली. दोघी एका टोळीत होत्या, फडावरच्या एका कोपीत, पाचटाच्या खोपटात, राहिलेल्या. रंगुबाई उशाशी बसली, पदर घेतला, आणि बनुबाईचं नाव घेऊन पहिला हेल काढला. अंगणात लाकडं रचत असलेल्या पोरांतून फुसकन हसू आलं. एकानं दुसऱ्याला कोपर मारलं. एकानं फोन वर धरला. रंगुबाईचा सूर अडकला, तिनं पुन्हा धरला, तेव्हा बायकांतली एक नवी सूनही पदरात तोंड घालून खांदे हलवायला लागली. ते रडणं नव्हतं.

बनुबाईचा मुलगा अजिनाथ जवळ येऊन वाकला. "काकी," तो हळू म्हणाला, "तुमी नका रडू. लोकं हसत्यात. माझ्या आयेचं मयत हाय."

ती उठून घरी आली.

रविवारी कानिफचा फोन यायचा. या वेळी तो खुशीत होता. गेमचा दुसरा भाग निघणार होता. "आये, तुला काय यायला लागायचं न्हाई. तुझा आवाज हाय त्यांच्याकडं. आता मशीन करतंय सगळं. पाहिजे तसं रडवता येतं."

"कानिफ, ताई काय म्हनत हुती?"

"आये, परत तेच?"

"खरं सांग. मी कायबी म्हननार न्हाई."

"खोटं हुतं म्हनलं ना तवाच. मला आता आठवतबी न्हाई. लहान हुतो मी." मागं कुणीतरी त्याला इंग्रजीत हाक मारली, आणि फोन बंद झाला.

बजरंग गेलेला. कानिफचं हे असं. जीपमध्ये असलेला आता एकच माणूस उरला होता. गहिनीनाथनं ट्रॅक्टर केव्हाच सोडला होता. तो घोडेगावच्या बाजारात बैलांची दलाली करतो असं रंगुबाईनं ऐकलं होतं. शुक्रवारी पहाटेची एसटी धरून, एक गाडी बदलून ती बाजारात पोहोचली. शेणानं आणि धुळीनं भरलेल्या त्या गर्दीत विचारत विचारत तिनं त्याला गाठलं. म्हातारा झाला होता. डोळ्यात मोतीबिंदू पिकत होता. लिंबाखाली बसून तो एका गोऱ्ह्याचे दात बघत होता.

"वळखलं का? मी बजरंगची. सविताची आई."

"बस की," तो म्हणाला. ओळख पटली नव्हती.

"पुणतांब्याच्या फडात माझी लेक तुमच्या ट्रॉलीखाली आल्ती. तुमी जीप चालवत हुता. मला एवढंच सांगा, ती जागच्या जागी गेली, का बोलत हुती?"

गहिनीनाथनं गोऱ्ह्याचं तोंड सोडलं. डोळे बारीक करून त्यानं तिच्याकडं पाहिलं.

"कोनती गं ती?" तो म्हणाला. "माझ्या हातनं दोघी गेल्या. एक तिथली, एक फुडच्या हंगामात कोपरगावाकडं. तिलाबी जीपमधूनच न्हेल्ती. एक बोलत हुती, एक न्हवती. कोनती कुठली, आता डोक्यात गोंधळ हुतो. लई दारू पिलो त्यापायी."

"बोलत हुती ती काय म्हनत हुती?"

"पानी मागत हुती."

"आयेला बोलवत हुती का?"

"म्हनत असंल की. पोरगी हुती." त्यानं मान खाली घातली. "मला पान्याचं तेवढं आठवतंय."

"मंग दिलं का?"

"कुठनं देनार? फडातनं निघाल्तो तसंच."

गिऱ्हाईक आलं होतं. त्यानं गहिनीनाथचा हात धरून त्यावर उपरणं टाकलं आणि दोघं खालून बोटं दाबून भाव करू लागले. रंगुबाई तिथंच उभी राहिली. भाव ठरला, गोऱ्हा सोडला, टेम्पोत चढवला. मग गहिनीनाथनं वळून पाहिलं आणि त्याला वाटलं, बाईला अजून काहीतरी विचारायचं आहे. पण तिला काही विचारायचं नव्हतं. तिच्यापुढं आता दोन पोरी होत्या, आणि त्यातली आपली कोणती ते तिला ठरवता येत नव्हतं.

"जेवली का?" त्यानं विचारलं.

"न्हाई," ती म्हणाली, आणि स्टँडकडं चालू लागली.