रानातलं पिल्लू

नातीच्या पांढऱ्या सशिणीला काल पिल्लं झाली. तिने स्वतःचे केस उपटून खोक्यात गादी केली आहे आणि त्या गादीवर पिल्लं उघडी, गुलाबी, मिटल्या डोळ्यांची पडली आहेत.

"आजी, आंधळी आहेत गं ही."

"आंधळी नाहीत. दहा दिवसांनी बघतील. रानसशाची पिल्लं तेवढी केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्मतात."

"तुला काय माहीत?"

मला माहीत आहे. हरभरा खुरपताना मला तसं एक सापडलं होतं. बिळात नव्हतं, उघड्यावर होतं, एकटंच. माझ्याकडे टक लावून बघत होतं, पण हललं नाही. त्याच्या आईने टाकलं असं समजून मी पदरात घालून घरी आणलं आणि बोळ्याने गाईचं दूध पाजलं. दोन दिवसांत मेलं.

सासरे म्हणाले, "टाकलं नव्हतं, सूनबाई. कोल्ह्याला वास लागू नये म्हणून ती दिवसभर लांब राहते. दिवस मावळला की येऊन पाजते."

म्हणजे दोन्ही संध्याकाळी ती त्या मोकळ्या जागेशी येऊन गेली असणार. पिल्लाच्या मरणापेक्षा मला तेच जास्त आठवतं. त्या दिवसांत त्याच शेताच्या बांधावर बाभळीला बांधलेल्या झोळीत माझी तान्ही लेक निजलेली असायची आणि मी लांबवर खुरपत असायचे. तिला कोणी टाकलेली समजून उचलून नेलं नाही.

नात पिल्लू उचलायला वाकली. मी तिचं मनगट धरलं.

"सोड ना आजी, दुखतंय."