वेगळ्या टबातला मासा

नवा मासा टबात आडवा झाला आणि तेवढ्यात वीज गेली. समुद्राच्या पाण्यातला मासा तो; अंगावर रोगाचे पांढरे ठिपके, म्हणून सुनेने टाकीतल्या जुन्या जोडीपासून वेगळा ठेवलेला. टबातला हवेचा पंप थांबला. मोठ्या टाकीला तेवढी बॅटरी होती.

"यालाबी तिकडंच टाक," लेक म्हणाला.

"अन् जोडीला रोग लागला म्हंजी?" सून.

"इकत आणलेली शेळी आपण लगेच कळपात सोडतो का रे?" मी म्हणाले.

मला बसवेना. पाण्यात हवा मिसळावी म्हणून चहा निववतात तसं तांब्याने टबातलंच पाणी वरून ओतत राहिले.

"माय, माशाला चहा पाजून राहिली का?" लेक म्हणाला.

संध्याकाळी वीज आली. नवा मासा मेला होता. टाकीतली जोडी जगली.