विश्रामचं यंत्र आणि माझी सहा कार्डं

मसुऱ्याचा विश्राम परब माझा विद्यार्थी. फळ्यावरचं उत्तर वहीत उतरवण्याआधी तो स्वतः करून बघायचा, आणि माझं चुकलेलं असलं की सगळ्या वर्गासमोर सांगायचा. मला राग यायचा. मार्क मात्र द्यावे लागायचे. बाप लहानपणीच गेलेला. आई नर्मदावहिनी अक्षरशत्रू, तोंडाने फटकळ. त्यांनी दोन कुणग्यांच्या तुटपुंज्या भातशेतीवर त्याला शिकवलं. पुढे तो मुंबईत एका संस्थेत लागला. तिथे संगणक जुळवत होते, आणि गावात त्याचं काम कुणालाच कळत नव्हतं.

१९६८च्या मे महिन्यात तो रजेवर आला तेव्हा मी त्याच्या घरी जाऊन विचारलंच, बाबा रे, तू करतोस तरी काय? त्याने स्वयंपाकघरातच माझी शिकवणी घेतली. यंत्राची आठवण म्हणजे नंबर घातलेले हजारो खण. ते सावकाश चालतात, म्हणून जवळ एक छोटा, चपळ साठा ठेवलेला. नुकतं वाचलेलं तिथे नकलून ठेवायचं आणि पुन्हा लागलं की तिथूनच द्यायचं. आकड्यांना हे चालतं. पंचाईत अशी की छापणारं यंत्र, फितीचं यंत्र यांनाही त्याच रांगेतले नंबर दिलेले, आणि त्या नंबरावर वाचलं की ते यंत्र तयार आहे की नाही ते कळतं. एकदा ‘तयार नाही’ असं उत्तर आलं की त्याची नक्कल चपळ साठ्यात बसते. मग छापणारं यंत्र कधीचंच तयार झालेलं असलं तरी संगणक आपला ती नक्कल वाचत ताटकळत राहतो. हे नंबर वेगळे काढायचे, त्यांची नक्कल ठेवूच द्यायची नाही, दर वेळी यंत्रालाच विचारायला लावायचं. ही व्यवस्था लिहिणं हे विश्रामचं काम.

माझ्या डोक्यात प्रकाश पडेना, तेव्हा त्याने चुलीजवळच्या मिठाच्या वाटीकडे बोट दाखवलं. “मीठ हाताशी ठेवलेला बरा, मास्तरानू. पण गाय व्याली काय नाय, ता गोठ्यात जावनच बघूक व्हया.” एवढं कळायला मुंबई कशाला हवी होती, असं वहिनींनी त्याला तिथल्या तिथे सुनावलं.

जूनमध्ये माझी वैभववाडीला बदली झाली. वहिनींची विश्रामला जाणारी पत्रं मीच लिहायचो, आणि नव्या मास्तराला घरच्या गजाली सांगायला त्या तयार नव्हत्या. सहा कार्डं घेऊन आल्या आणि आषाढापासून मार्गशीर्षापर्यंतची आत्ताच लिहून द्या म्हणाल्या. आणि मी दीडशहाण्याने लिहिली. आषाढात लावणी उरकली, भाद्रपदात गणपतीच्या डोक्यावर माटवी बांधली, कार्तिकात भात घरात आलं. लेखणीला नुसता चेव आला होता. प्रत्येकाच्या शेवटी, माझी प्रकृती उत्तम आहे, काळजी नसावी. कार्डं क्रमाने रचून दोऱ्याने बांधून दिली आणि महिन्याला वरचं एक टाका म्हणून सांगितलं.

श्रावणात वहिनींना जलोदर झाला, पोटात पाणी साठलं. पोरगा मोठ्या कामात आहे, त्याला कळवायचं नाही, अशी त्यांनी शेजारच्या सुभद्रेला देवाची शपथ घातली आणि कार्डांचा गठ्ठा तिच्याकडे दिला. सुभद्रेने शपथ पाळली, कार्डंही वेळेवर टाकली. हे सगळं मला मागाहून कळलं.

गणपतीच्या तोंडावर मला वैभववाडीला विश्रामचं पत्र आलं. यंत्राची स्थिती वाचणं आता नीट जमतंय, पण लिहिलेलंही आधी चपळ साठ्यात थांबतं, त्यामुळे छापण्याचा हुकूम यंत्रापर्यंत पोचतच नाही, तिथेच पडून राहतो. दिवाळीत पाहुण्यांना दाखवायचं आहे, म्हणून यंदा गणपतीला येत नाही. आईचं कार्ड आलं, ती बरी आहे. ती बरी आहे हे मी जूनमध्ये ठरवलं होतं. त्याला तसं लगेच लिहायला हवं होतं. पण सहामाही तोंडावर होती, आणि स्वतःच्या मूर्खपणाची कबुली द्यायची घाई कुणाला असते? मी लिहिलं नाही. त्याची लाज मला आजही वाटते.

दिवाळी झाली आणि तुळशीच्या लग्नाआधी वहिनी गेल्या. तार मिळून विश्राम येईपर्यंत सगळं उरकलं होतं. बाराव्याला मी पोचलो तेव्हा तो मुंडण केलेल्या डोक्याने ओटीवर बसला होता. कट्टा गावाहून गाडी यायची वेळ झाली की वहिनी दाराकडे बघत राहायच्या, असं सुभद्रा रडत सांगत होती. मी त्याच्यासमोर बसून सगळं कबूल केलं: कार्डं एका बैठकीत लिहिली, आणि तुझं पत्र आल्यावरही गप्प बसलो. त्याने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

“माका ठावक होता, मास्तरानू,” तो म्हणाला. “तुमी वैभववाडीक, आणि कार्डावर अक्षर तुमचा, शिक्को मसुऱ्याचो. पयल्याच कार्डाक माका कळला. पण काम सोडून येवचा नव्हता माका. म्हणान मी ता खरा धरलंय.”

दिवाळीत पाहुण्यांसमोर यंत्र बिनचूक छापत होतं, तेही त्याने सांगितलं. मला शाबास म्हणवलं नाही.