बेकायदेशीर आदेश

बाभुळगावजवळच्या शेतातून काकांचा फोन आला तेव्हा मी यवतमाळला घरी दिवसाच्या कामांच्या यादीवर खुणा करत होते. त्यांच्या विहिरीच्या मोटरवर मी बनवलेली पेटी आहे. जमिनीतला ओलावा मोजून ती मोटर सुरू-बंद करते. आता मोटर बंद होती, गहू वाळत होता, आणि संध्याकाळच्या आत पेटी काढून ने, असं त्यांचं म्हणणं.

पोहोचले तर काका धुतलेला सदरा घालून पेटीसमोर उभे. हातात सातबारा, वीजबिलं, जोडणीची पावती. एकेक कागद ते पेटीच्या पडद्यासमोर धरत होते.

"पाय व ताई, आकडा टाकून लाइट घेतली नाई कधी. मंग हे मले बेकायदेशीर काहून म्हणून राह्यली?"

पडद्यावर होतं: 'बेकायदेशीर आदेश'.

काकू धुऱ्यावरून म्हणाल्या, "पेटीले वकील लागते."

प्रोसेसरला न कळणारी आज्ञा आली की 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' असा इंग्रजी संदेश येतो. असे चाळीस संदेश मी शब्दकोश घेऊन एका बैठकीत मराठीत आणले होते. शब्द माझाच. बिघाडही माझाच. गेल्या आठवड्यात टाकलेला प्रोग्राम मी घरच्या नव्या बोर्डावर कंपाइल केला, म्हणजे प्रोसेसरच्या भाषेत उतरवला, आणि 'याच प्रोसेसरसाठी' ही खूण तशीच राहिली. त्यात नव्या प्रोसेसरच्या आज्ञा उतरल्या. काकांच्या पेटीतला बोर्ड जुना. मोटर चालवण्यापुरतं निभलं, आठवड्याच्या ओलाव्याची सरासरी काढायची वेळ आली तसा तो अडला.

हे सगळं काकांना सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, आदेश कोणी काढला. मी म्हटलं, मीच.

"मंग बेकायदेशीर तू हायेस."

त्यांनी कागद फाइलमध्ये ठेवले. मी लॅपटॉप उघडून जुन्या प्रोसेसरचं नाव घातलं, पुन्हा कंपाइल केलं, पेटीत टाकलं. मोटर सुरू झाली. पाणी गव्हात गेलेलं पाहून काका म्हणाले, पेटी राहू दे, पण ते वाक्य काढ. त्याऐवजी काय लिहू, मी विचारलं.

"मले हे समजून नाई राह्यलं, असं सरळ सांगावं."

तेच लिहिलं. मग त्या चाळीस संदेशांतला पुढचा पाहिला: 'अपत्य ठार झाले'. मूळ इंग्रजी 'चाइल्ड किल्ड', म्हणजे प्रोग्रामने सुरू केलेला छोटा प्रोग्राम बंद पाडला गेला, एवढंच. काकूंकडे पाठ करून तो आधी खोडला.