क्रियापदांची तोंडी परीक्षा

मेहकरच्या इंग्रजी शाळेत आमच्या वर्गात आम्ही दोघीच मुली. दुसरी माझी मैत्रीण, सुलतानपूरच्या शेतकऱ्याची लेक, मेहकरला मावशीकडे राहून शिकणारी. आमचे इंग्रजीचे मास्तर शनिवारी अवघड क्रियापदांची तोंडी परीक्षा घेत. डिक्शनरीतला अर्थ त्यांना चालत नसे. "माणूस काय करतो ते सांगा," म्हणत. मी पाठांतरात पक्की, त्यामुळे तिथे हमखास अडायची.

त्या वर्षी शाळा तपासायला इन्स्पेक्टरसाहेब आले, पुण्याकडचे. त्यांनी वर्गाला विचारलं, "टु रिलेंट म्हणजे काय?" माझी मैत्रीण उभी राहिली.

"माहे बाबा मले गावाबाहेर पुढच्या शाळेत धाडत नव्हते. मायनं सांगितलं, मामानं सांगितलं, ते आयकेच ना. एक दिवस मी गुळाच्या पुडीचा कागद वाचत बसली होती. बाबानं पाह्यलं. सकाळी गाडी जुंपली अन् म्हणाले, चाल, बस. याले रिलेंट म्हणतात."

मागच्या बाकांवरची मुलं तिच्या बोलीला हसली. साहेबांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर शांतपणे म्हणाले, "उत्तर बरोबर आहे साहेब. पुढचं विचारावं."

"मग वडील यील्ड झाले, असं का नाही म्हणायचं?"

"मामाच्या जोरानं आयकलं असतं तं तसं म्हटलं असतं. बाबावर कोनाचा जोर नव्हता. त्यायचं मनच निवलं."

साहेब खुर्चीत पुढे सरकले. "आणि रिझेंट?"

"येते मले. पन सांगत नाही. घरातली गोष्ट आहे."

मला वाटलं, आता रागावतात. पण साहेब हसले. "मग तुला अर्थ नक्की ठाऊक आहे. बस."

घरी जाताना मी विचारलं, "काऊन वं, सांगितलं काऊन नाही?"

"मोठ्या भावाले चौथीतूनच काढून वावरात घातलं, अन् मले इथं धाडलं. त्याले लागलं ते, मनात अजून राग धरून आहे. चारचौघांत कसं सांगू?"

एवढ्या मोठ्या माणसापुढे उभं राहून तिनं भावाची लाज राखली होती. मला तो शब्द येत असता तर मी धडाधडा बोलून मोकळी झाले असते. त्या दिवसापासून ती मला माझ्याहून खूप मोठी वाटू लागली.

मॅट्रिकच्या परीक्षेला आम्ही बुलढाण्याला गेलो. वडिलांना पेरणीआधीची कामं होती म्हणून तिच्यासोबत तोच भाऊ आला. आम्ही आत पेपर लिहीत होतो, तोवर तो भर उन्हात बाहेर झाडाखाली भाकरीचं फडकं घेऊन बसून होता. आम्ही बाहेर येताच त्यानं विचारलं, "लिहिलं का सारं?"

"हाव," ती म्हणाली.

त्यानं फडकं सोडलं आणि पहिली भाकर तिच्या हातावर ठेवली. मग मलाही म्हणाला, "ये बाई, तूबी बस."