देव्हारा रिकामा झाला की

निर्माल्य साचत जाते आणि पायदळी येऊ नये म्हणून कोठेही टाकवत नाही. आमच्या घरातल्या किश्श्यांचे तसेच झाले आहे. इंदूरपासून तासाभरावर, शेताच्या कडेला आमचे घर. शाळेतून निवृत्त झाल्यावर येथे आलो तो नामस्मरणासाठी. प्रत्यक्षात ऋतूंबरोबर येणाऱ्या-जाणाऱ्या जीवांची सरबराई करण्यातच दिवस गेले. आता थकलो.

सौभाग्यवतींचे गुडघे माझ्याही आधी थकले. इंदुरात सुदामानगरला मुलाकडे, मिलिंदकडे, कायमचे जायचे हे दिवाळीतच ठरले. आमच्या घराण्याचा नेम एकच: देव्हारा भरलेला असताना घराला कुलूप लावायचे नाही. आधी देव हलवायचे, मग माणसांनी निघायचे.

*

थंडीत निघणार होतो, तोच धोबी पक्षी आला. दरवर्षी येतो, शेपटी हलवीत अंगणभर फिरतो. यंदा आम्हाला न्यायला आलेल्या मिलिंदच्या गाडीच्या आरशात त्याला प्रतिस्पर्धी दिसला. चोची मारता मारता त्याने गाडीचे दार विष्ठेने खराब केले.

"आई, हा जातो कधी?" मिलिंद फडक्याने दार पुसत म्हणाला.

"होळीच्या सुमारास."

"आणि तुम्ही?"

"तो गेला की बघू."

*

चैत्रात वानरे आली. नैवेद्य दाखवताना मी डोळे मिटतो, हे त्यांना कसे कळले ते देव जाणे. डोळे उघडले तो ताट रिकामे, आणि खिडकीत पुरणपोळी खाणारे वानर.

शेजारचे कैलासजी म्हणाले, "मास्टरजी, रोज आँख बंद करोगे तो रोज ले जाएगा. एक तो खुली रखो."

दुसऱ्या दिवसापासून मी एक डोळा खिडकीवर ठेवून नैवेद्य दाखवू लागलो. सौभाग्यवती म्हणाल्या, "पूजेत इतकं लक्ष तुमचं आजवर कधी नव्हतं."

*

ज्येष्ठात टिटवीने गच्चीवरच्या खडीत अंडी घातली. त्याच गच्चीतून देवघरात पाणी गळते. घर बंद राहणार म्हणून मिलिंदने गच्ची दुरुस्त करायला कारागीर पाठवला होता. तो वर गेला आणि टोपी डोक्यावर दाबून खाली आला.

"बाबूजी, ऊपर वाली मैडम परमिशन नी दे री."

काम राहिले. संध्याकाळी मिलिंदचा फोन आला. "बाबा, धोब्यासाठी थांबलात, टिटवीसाठी थांबताय. माझी मुलगी रोज विचारते, आजी-आजोबा कधी येणार. तिला आता कुठल्या पक्ष्याचं नाव सांगू?"

मी फोन पुढे केला. सौभाग्यवतींनी फोन घेतला. "पिल्लं उतरली की येतो. देवाशपथ. मलाही आता जिना चढवत नाही रे."

*

पिल्ले उतरली. पाऊस लागला, देवघर गळू लागले. शनिवारी मिलिंद आला आणि सोवळ्याच्या वस्त्रात गुंडाळून सगळे देव सुदामानगरला घेऊन गेला. जाताना म्हणाला, "आता काही कारण उरलं नाही."

रविवारी सकाळी गाडी दारात उभी राहिली. सामान चढले. कुलूप मिलिंदच्या हातात होते, इंजिन चालूच होते. "देवघराच्या उंबरठ्याला हळदकुंकू वाहून येते," असे म्हणून सौभाग्यवती आत गेल्या, त्या बराच वेळ बाहेर येईनात. आम्ही दोघे आत गेलो.

देव्हाऱ्यात, बाळकृष्णाच्या जागी, एक बेडूक बसला होता. गलेलठ्ठ, थकलेला. छतातून पाण्याचा एकेक थेंब बरोबर त्याच्या मस्तकावर पडत होता. तो हलत नव्हता. त्याच्यापुढे तुळशीचे पान होते आणि सौभाग्यवती, न वाकणारे गुडघे कसेबसे वाकवून, खाली बसल्या होत्या.

"आई, बेडूक आहे तो. हाकल ना."

"दिसतोय मला."

"गाडी चालू आहे."

"नेम काय आहे आपला?" त्या शांतपणे म्हणाल्या. "देव्हारा रिकामा झाला की. तूच सांग, रिकामा आहे का?"

मिलिंदने माझ्याकडे पाहिले. मी दोन्ही डोळे मिटून घेतले. थोड्या वेळाने बाहेर इंजिन बंद झाल्याचे ऐकू आले.